एजंट शिकत नाहीये? अल्गोरिदम बदलायच्या आधी या चुका तपासा

रीइन्फोर्समेंट लर्निंग (प्रोग्रॅमने, म्हणजे एजंटने, करून बघत मिळणाऱ्या बक्षिसावरून, म्हणजे रिवॉर्डवरून, शिकणं) शिकायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो, "कोड बरोबर आहे, तरी रिवॉर्ड शून्यच, आता डीक्यूएन (न्यूरल नेटवर्कवाला भारी अल्गोरिदम) लावू का?" थांबा जरा. बऱ्याचदा अल्गोरिदम बिचारा ठीकच असतो, एजंटने ते बक्षीस आजपर्यंत एकदाही बघितलेलं नसतं, मग शिकणार काय कपाळ.

फ्रोझनलेकच घ्या, खड्डे टाळत शेवटच्या चौकोनातलं बक्षीस गाठायचा सरावाचा खेळ, ४ बाय ४ वालं, घसरड्या बर्फाचं. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय. क्यू-टेबल (कुठल्या चौकोनात कुठली अ‍ॅक्शन किती फायद्याची याचा तक्ता) सगळं शून्याने भरलेलं, आणि नमपाय या पायथन लायब्ररीचं आर्गमॅक्स (सगळ्यात मोठी किंमत कुठे आहे ते सांगणारं फंक्शन) बरोबरी झाली की गुपचूप पहिला इंडेक्स देतं, इथे पहिला म्हणजे ०, आणि ० म्हणजे डावीकडे. आपल्याला वाटतं की याला अजून काहीच माहीत नाही म्हणजे हा इकडेतिकडे भटकत असेल, पण तो डाव्या भिंतीला धडका देत बसलेला असतो, घसरून वर जातो, खाली जातो, आणि शेवटी खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात. उपाय अगदी छोटा आहे: ज्या ज्या अ‍ॅक्शनची किंमत सगळ्यात जास्त आहे त्या सगळ्या काढा आणि त्यातून रँडम एक उचला.

एवढं करूनही अडकलात तर एप्सिलॉन (रँडम अ‍ॅक्शन घ्यायची शक्यता) किती घाईने उतरतोय ते बघा. १ पासून सुरू करून दर एपिसोडला (खेळाच्या एका डावाला) ०.९५ ने गुणत गेलात तर १०० एपिसोडनंतर तो ०.००६ च्या आसपास येतो, आणि या खेळात नुसतं रँडम चालून शंभरात जेमतेम एक-दोनदा शेवटच्या चौकोनापर्यंत पोचता येतं, म्हणजे पहिलं बक्षीस दिसायच्या आतच तुम्ही दुकान बंद केलंत! म्हणून मी आता कुठलंही नवीन एन्व्हायर्नमेंट (एजंट ज्यात खेळतो ते जग) घेतलं की आधी १००० एपिसोड पूर्ण रँडम चालवतो आणि बक्षीस किती वेळा मिळालं ते मोजतो, एप्सिलॉनचा वेग त्या आकड्यावरून ठरवायचा, कुठल्यातरी ट्युटोरियलमधून उचलून नाही.

आणि तो आकडा शून्यच आला तर? मग एप्सिलॉन कितीही हळू उतरवा, उपयोग नाही. डीपमाइंडने अटारीचे व्हिडिओगेम खेळणाऱ्या डीक्यूएनला एप्सिलॉन १ वरून ०.१ वर यायला १० लाख फ्रेम दिल्या होत्या, तरी २०१५ च्या पेपरात माँटेझुमाज रिव्हेंज या खेळातला स्कोर ० च आहे, कारण पहिली किल्ली मिळेपर्यंत शिडी, दोर, कवटी असं सगळं ओळीने जमावं लागतं, आणि उगाच बटणं दाबून ती साखळी जुळत नाही. तिथे नवीन जागा बघितल्याचं वेगळं बक्षीस द्यावं लागतं. २०१८ मधे ओपनएआयच्या आरएनडी या पद्धतीने याच मार्गाने त्या खेळात सरासरी माणसाला मागे टाकलं. पण इथेही सांभाळून, "पुढे काय दिसेल याचा अंदाज चुकला की बक्षीस" असं साधं ठेवलंत आणि एन्व्हायर्नमेंटमधे कुठे सतत बदलणारी रँडम चित्रं दाखवणारा टीव्ही असेल तर एजंट त्या टीव्हीसमोर बसतो तो बसतोच, आपल्यासारखाच.

उलटी चूकपण होते, एजंट शिकलेला असतो आणि आपल्याला कळत नाही. क्लिफ वॉकिंग या कड्याशेजारून चालत पलीकडे पोचायच्या खेळात प्रत्येक पावलाला -१ आणि कड्यावरून पडलं की -१००. क्यू-लर्निंग (वरचं क्यू-टेबल भरणारा अल्गोरिदम) कड्याच्या अगदी कडेचा सर्वात जवळचा रस्ता शिकतं, पण ट्रेनिंगमधे एप्सिलॉन ०.१ असल्यामुळे मधेच पाय घसरतो आणि ग्राफ सार्सा या दुसऱ्या अल्गोरिदमपेक्षा वाईट दिसतो. एप्सिलॉन ० करून चालवा, सरळ -१३ येतं. ट्रेनिंगचा ग्राफ आणि टेस्टचा ग्राफ वेगळे काढा, आणि कृपा करून एकाच सीडवर (रँडम आकड्यांच्या एकाच सुरुवातीवर) निकाल लावू नका.

बँडिटवाल्यांसाठी (अनेक पर्यायांतून जास्त बक्षीस देणारा शोधणाऱ्यांसाठी) एक. यूसीबी१ म्हणजे कमी वापरलेल्या पर्यायाला बोनस देणारा अल्गोरिदम, त्याचं गणित रिवॉर्ड ० ते १ मधे आहे असं धरून केलंय. १०,००० फेऱ्या झाल्यात आणि एखादा पर्याय फक्त १० वेळा वापरलाय तरी त्याचा बोनस येतो साधारण १.३६. आता तुमचा रिवॉर्ड रुपयात असेल, ४००-५०० च्या घरात, तर त्या १.३६ ला विचारतंय कोण, पहिल्या एक-दोन प्रयत्नांत जो पुढे गेला तोच कायमचा चिकटतो. आधी रिवॉर्ड शक्य त्या कमाल रकमेने भागून घ्या, मग यूसीबीला नावं ठेवा.