जिमची फी नंतर भरा, आधी शिलाईचा टेप काढा

पँटचा नंबर बत्तीसच आहे म्हणून मी चार-पाच वर्षं निवांत होतो. पँट पोटाच्या खाली सरकत गेली होती, हे कोणी सांगितलंच नाही.

तर दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांनो, घरातला शिलाईचा टेप घ्या, सकाळी उपाशीपोटी, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे गुंडाळा, श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका, कोणी बघून नाही राहिलं. आपल्या भारतीय लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही हद्द धरतात. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असे आपल्यात लय जण आहेत, वजनकाट्यावर ते पास होतात पण पोटाच्या आतली चरबी इन्सुलिनला (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन) नीट काम करू देत नाही, आणि शुगर, बीपी, फॅटी लिव्हर हे सगळं तिथूनच मागे लागते.

बीपी. ऑफिसच्या तपासणी कॅम्पात मी तीन जिने चढून, हातात चहा घेऊन लाइनीत लागलो आणि बीपी जास्त निघाल्यावर घाबरलो. तसं मोजायचंच नसते. आधी अर्धा तास चहा, सिगारेट, खर्रा काहीच नाही (खर्रा म्हणजे आपला तंबाखू-सुपारीचा घोटा, तो तसाही सोडा बाप्पा, त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल), पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, आणि एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टरकडे जा, डोकं दुखायची वाट नका पाहू कारण बहुतेकांचं दुखतच नाही.

शुगर: उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा वर दोनदा आली म्हणजे डायबिटीस. आता विदर्भवाल्यांसाठी खास. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट सगळे करतात, ५.७ पासून काठ आणि ६.५ पासून डायबिटीस, पण आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बऱ्यापैकी आहे, आणि सिकलसेल असला, नुसता वाहक असला किंवा रक्त कमी असलं तरी हा आकडा फसवू शकतो. घरात कोणाला असेल तर डॉक्टरला आधीच सांगा.

बरं, करायचं काय? जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. पायाचे स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन सुस्त असलं तरी. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी बाहेर कोण चालणार, मान्य, मग बिल्डिंगच्या आतच चाला, पॅसेजमध्ये येरझारा मारा, फोन आला की उभे राहा. पाण्याची बाटली छोटी ठेवा म्हणजे भरायला उठावंच लागते, माझ्यासाठी तरी हीच आयडिया सगळ्यात जास्त चालली. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं व्हायला पाहिजे, नागपूरच्या फुटाळा तलावावर जाऊन मक्याचं कणीस खाल्लं ते त्यात धरत नाहीत.

खाण्यात मी तर्री-पोहे सोडा म्हणणार नाही, सोडणारही नाही. फक्त पोहे कमी, चणे जास्त आणि वरचा लाल तवंग नको, असं सांगा. पोहेवाला तोंड वाकडं करते, करू द्या. महिन्यातून एकदा सावजीचं तिखट-तेलकट जेवण खाल्लं तर काही आभाळ कोसळत नाही, खरा घोळ टपरीवरच्या चहात आहे. दिवसाचे चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर चहातूनच गेली, तीसेक ग्रॅमच्या वरच. मी आधी कप अर्धा केला, मग साखर.

नाइट शिफ्टवाल्यांनी झोप पुरी करा, उन्हाळ्यात कूलर लावून दिवसा झोपा पण झोपा.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, त्याच्या आधी एचबीएवनसी करणं म्हणजे पैसे वाया. माझा टेप ९७ वरून ९२ वर आला आहे. पँट मात्र चौतीसची घ्यावी लागली, कारण आता ती कमरेवर घालून राहिलो.