एअरसॉफ्ट मुलांसाठी सुरक्षित आहे का? आधी या चुका टाळा

"ताई, ही बंदूक मुलांना चालेल ना?" खेळाच्या दिवशी कुणी ना कुणी आई-बाबा हे विचारतातच. हातात नवं खोकं असतं, मुलगा शेजारी उड्या मारत असतो आणि त्यांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच ऐकायचं असतं. मी विचारते, गॉगल कोणता आणलाय? बऱ्याचदा उत्तर येतं, "तो नंतर घेऊ."

गेली नऊ वर्षं मी मुलांचे एअरसॉफ्टचे, म्हणजे ६ मिलीमीटरचे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या बंदुकांचे खेळ घेते. खेळ रंगात आलेला असताना मुलांना फार काही होत नाही. दंडावर लाल ठिपका उठतो, थोडं चुरचुरतं, दोन दिवसांत जातं. खरी दुखापत मी पाहिली आहे ती खेळ सुरू व्हायच्या आधीच्या आणि संपल्यानंतरच्या पाच मिनिटांत. गॉगल कपाळावर गेलेले असतात, मॅगझिन (छर्ऱ्यांच्या पेट्या) खिशात असतात आणि बंदुका मात्र अजून हातातच असतात.

"गॉगल जरासाच वर केला होता"

माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पाऊस नुकताच थांबला होता, हवा दमट होती आणि सगळ्यांच्या काचांवर वाफ धरत होती. त्याने तोंडावर रुमाल बांधला होता, त्यामुळे श्वासाची गरम हवा थेट गॉगलमध्ये जात होती. दोनदा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, काही दिसत नाहीये." दोन्ही वेळा मी म्हटलं, पाच मिनिटं थांब, संपतंच आलंय. मग मी शेवटची शिट्टी वाजवली. त्याने पाठ फिरवली, गॉगल वर केला आणि शर्टाच्या टोकाने काच पुसायला लागला. त्याच वेळी त्याच्या मित्राने शहाण्यासारखं मॅगझिन काढलं आणि 'रिकामी आहे ना' हे बघायला जमिनीकडे नळी धरून चाप ओढला. नळीच्या आत एक छर्रा उरला होता. तो दगडावर आपटून उडाला आणि भाच्याच्या डाव्या डोळ्यात बसला.

तो ओरडलासुद्धा नाही. खाली बसला आणि म्हणाला, "सगळं लाल दिसतंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त उतरलंय. असं झालं की काही दिवस उशाला उंचवटा करून पडून राहावं लागतं. पहिल्या चार-पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती असते आणि तो पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. डोळ्याचा दाब रोज मोजला जायचा. नजर परत आली. तरी आजही दरवर्षी त्याचा दाब तपासावा लागतो, कारण अशा मारानंतर काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाची इजा यांचीही भीती असते, पण त्यातून तो वाचला.

त्या दिवशी चुका दोन झाल्या आणि दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून माझ्याकडे शिट्टी वाजली की खेळ थांबतो, गॉगल मात्र उतरत नाही. सगळ्या बंदुका रिकाम्या होऊन पिशवीत गेल्या, हे मी स्वतः मोजते आणि मगच "काढा" म्हणते. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

वाफेवरचा उपाय धीराने करायचा असतो, तिथे घाई चालत नाही. दुहेरी काचेचा गॉगल घ्या, त्यात वाफ खूपच कमी धरते. एकेरी काच असेल तर आतल्या बाजूला भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब पसरवा आणि मऊ कापडाने कोरडा पुसून घ्या. तेवढ्यावर अर्धा-पाऊण तास निघतो. तोंडावर रुमाल बांधण्यापेक्षा जाळीचा खालचा मुखवटा द्या. दातही वाचतात आणि श्वास पुढच्या बाजूने बाहेर जातो. आणि तरीही दिसेनासं झालं, तर मुलाने जागेवर बसायचं, हात वर करायचा, गळ्यातली शिट्टी वाजवायची. सगळ्यांनी थांबायचं. मी त्याला धरून बाहेर नेते, कितीही वेळ जावो. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असते ती यासाठीच.

कोणताही चष्मा म्हणजे गॉगल नव्हे

उन्हाचा चष्मा, पोहण्याचा गॉगल, वडिलांचा जुना नंबरचा चष्मा हे सगळं मुलं घेऊन येतात. काच तडकली की तिचेच तुकडे डोळ्यात जातात, म्हणजे काहीच न घालण्यापेक्षा वाईट.

खूण बघायला शिका. युरोपच्या ईएन १६६ या मानकात 'एफ' अक्षराचा अर्थ असा की ६ मिलीमीटरचा, ०.८६ ग्रॅमचा पोलादी गोळा सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळला तरी काच टिकली. 'बी' असेल तर हाच वेग १२० मीटर. हिशेब मांडला तर 'एफ'च्या चाचणीतला मार एक ज्यूलच्याही (ज्यूल हे ऊर्जेचं माप) थोडा खाली येतो आणि मोठ्यांच्या कित्येक एअरसॉफ्ट बंदुका एक ज्यूलच्या आसपास किंवा वर असतात. म्हणून मी 'बी' मागते. साध्या चष्म्याच्या आकारात 'बी' मिळतच नाही, तो चारही बाजूंनी बंद गॉगलवर किंवा पूर्ण मुखवट्यावरच असतो. अमेरिकी मानकाचा असेल तर 'झेड८७+' ही खूण शोधा, त्यातलं अधिक चिन्ह महत्त्वाचं. काहीच खूण नसेल, तर दुकानदार कितीही शपथा घेवो, मी तो गॉगल मैदानात येऊ देत नाही.

माझी एक सवय सांगते. नवीन प्रकारचा गॉगल आला की एक नग खोक्यावर अडकवून त्या दिवशीच्या सगळ्यात जोरदार बंदुकीने जवळून दहा छर्रे मारते. तडा गेला तर तो प्रकार बाद. न तडकला तरी मार खाल्लेला नग कुणाला घालायला देत नाही.

डोळ्यांवर धातूची जाळी असलेले मुखवटे वाफ धरत नाहीत म्हणून मुलांना आवडतात. पण हलका किंवा ठिसूळ छर्रा जाळीवर फुटला की त्याचा चुरा आत येतो. मुलांच्या डोळ्यांपुढे मी जाळी चालवून घेत नाही. गाल-दातांसाठी खुशाल वापरा.

मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली

ही चूक मोठ्या माणसांचीही सुटत नाही. मॅगझिन ही फक्त छर्ऱ्यांची पेटी. तिच्यातून निघालेला एक छर्रा आधीच वर, नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या छोट्या रबरी खोबणीत जाऊन बसलेला असू शकतो. ही खोबण छर्ऱ्याला उलटी फिरकी देते, म्हणूनच इतका हलका गोळा इतका दूर सरळ जातो. मॅगझिन काढल्यावर तो तिथेच राहतो. चाप ओढला की सुटतो, अगदी पूर्ण जोरात.

माझा क्रम ठरलेला आहे आणि मी तो बदलत नाही. सगळ्यांचे गॉगल डोळ्यांवर. मॅगझिन काढायचं, ते माझ्या हातात द्यायचं. जाड कापडाने भरलेल्या खोक्यात नळी रोखून तीन वेळा चाप ओढायचा. स्प्रिंगची बंदूक असेल तर दर वेळी खेचून. मग सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावायची, मग नळीच्या तोंडावर कापडी टोपण, मग पिशवी. दगड, फरशी, भिंत, पत्रा यांच्याकडे नळी रोखून रिकामी करायची नाही. कडक प्लास्टिकचा छर्रा तिथून परत उडतो आणि कुठे जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

"ताई, मला माहितीये ती रिकामी आहे" म्हणत दोन पायऱ्या गाळणारं मूल मला भित्र्या मुलापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. त्याला मी त्या दिवशी खेळू देत नाही. यावर पालक रुसले आहेत, तरी नियम तोच आहे.

वेगाचा आकडा बघून बंदूक घेणं

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '३५० एफपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला तितके फूट. पण कोणत्या वजनाच्या छर्ऱ्यावर? ०.१२ ग्रॅमचा छर्रा या वेगाने गेला तर त्यात ०.७ ज्यूलच्या जरा खाली ऊर्जा असते. ०.२० ग्रॅमचा त्याच वेगाने गेला तर १.१ ज्यूलच्या वर. आकडा एकच, मार दीडपटीहून जास्त. आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे तर शाळेतलं गणित आहे. म्हणून ज्यूल विचारा.

मुलांसाठी किती ठीक, याचा अंदाज जपानकडून घ्या. हा खेळ १९७० च्या दशकात तिथेच सुरू झाला. तिथे १० वर्षांवरच्या मुलांसाठीच्या बंदुकांची मर्यादा ०.१३५ ज्यूल आहे आणि १८ वर्षांवरच्यांसाठीच्या बंदुकांची ०.९८. म्हणजे सात पटींचा फरक. दहा-बारा वर्षांच्या मुलाला एक ज्यूलची बंदूक देणारे पालक म्हणतात, "मोठा होईल तशी वापरेल." तो मोठा होईपर्यंत त्याच्यासमोर त्याच्याच वयाची मुलं उभी असतात.

आणि कमी ज्यूल म्हणजे गॉगलला सुट्टी असं समजू नका. कातडीला जे जेमतेम टोचतं, ते डोळ्याला इजा करू शकतं.

एका ओळीत संपणाऱ्या चुका

४.५ मिलीमीटर धातूच्या छर्ऱ्यांची हवाई बंदूक ही एअरसॉफ्ट नाही. ती कातडी फोडते, खेळात कधीच नको.

खाली पडलेले छर्रे पुन्हा भरू नका, मातीचा कण नळीत अडकतो आणि चिरलेला छर्रा आत फुटतो.

अडकलेला छर्रा बघायला नळीच्या तोंडाला डोळा लावणारं मूल मी दर वर्षी एक तरी बघते. बंदूक मोठ्याच्या हातात द्यायची, इतकंच त्याला शिकवा.

गॅसचं भरलेलं मॅगझिन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, तापमानाबरोबर दाब वाढतो.

बंदुकीची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगली असेल तर ती चार्जिंगला लावू नका, आणि चांगली बॅटरीही रात्रभर लावून झोपू नका. चार्जिंग मोठ्यांचं काम.

घरात धाकटं भावंड असेल तर छर्रे झाकणाच्या बरणीत, उंचावर. ६ मिलीमीटरचा गोळा नाकात-कानात बरोबर बसतो. तो चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत जातो; डॉक्टरांकडे न्या.

कुत्रा, मांजर, पक्षी यांच्यावर नेम धरणाऱ्या मुलाच्या हातात बंदूक परत देऊ नका.

नारिंगी टोक काढून टाकणं

"खरी वाटत नाही" म्हणून मुलं, ही खेळण्यातली बंदूक आहे हे सांगणारं नळीचं नारिंगी टोक काढतात किंवा काळं रंगवतात आणि काही वडील त्यांना मदतही करतात. हे बघून माझा जीव तुटतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये टमीर राइस नावाचा १२ वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्यावर नारिंगी टोक नव्हतं. पोलिस आले आणि काही क्षणांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. तो दोष त्या मुलाचा नव्हता. पण लांबून बघणाऱ्याला खरी आणि खोटी बंदूक वेगळी ओळखता येत नाही, हे आपण मोठ्यांनी समजून घ्यायला हवं.

ब्रिटनमध्ये हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक १८ वर्षांखालच्या मुलाला विकणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही राहता तिथला नियम बंदूक घेण्याआधी विचारा. नियम काहीही असो, माझ्याकडे येताना आणि जाताना बंदूक बंद पिशवीतच असते. रस्त्यावर, गाडीच्या खिडकीत, जिन्यात ती कुणाला दिसता कामा नये. मुलांसाठी मी मुद्दाम पारदर्शक किंवा भडक निळ्या-हिरव्या रंगाच्या बंदुका घ्यायला सांगते.

"मोठी मुलं आहेत ना बरोबर"

पंधरा वर्षांचा दादा म्हणजे देखरेख नव्हे. त्यालाही खेळायचंच असतं. ज्याच्या हातात बंदूक नाही आणि ज्याचं लक्ष फोनमध्ये नाही असा एक मोठा माणूस लागतोच, आणि गॉगल त्यालाही लागतो. तो नसेल तर त्या दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यात जाड चादर लटकवा, पुढे कागद लावा आणि शेजारी बसून मुलांना नेम धरायला शिकवा. दहाच्या आतल्या मुलांना मी एवढंच करू देते. एकमेकांवर नाही.

डोळ्याला लागलंच तर

चोळू देऊ नका. दाबू नका. छर्रा किंवा त्याचा तुकडा डोळ्यात घुसलाय असं वाटलं तर काढायला किंवा पाण्याने धुवायला जाऊ नका. डोळ्यावर कागदी पेला असा धरा की त्याची कड भुवई आणि गालाच्या हाडावर येईल, डोळ्यावर काहीच टेकणार नाही. चिकटपट्टी लावा. मुलाला डोकं वर ठेवून बसवा. दुखतंय म्हणून घरातली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायला-प्यायला काही देऊ नका. आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, "आता बरं वाटतंय" असं मूल म्हणालं तरीही. भाचासुद्धा गाडीत बसल्यावर तेच म्हणत होता.