पहिल्या महायुद्धातल्या विमानाचं किट घेताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे किट, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं छोटं मॉडेल, बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं, त्यामुळे माणूस खोक्यावरचं चित्र बघून भुलतो. मी पहिलंच किट 1/72 चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) सॉपविथ कॅमल, म्हणजे ब्रिटिशांचं दुपंखी लढाऊ विमान, मागवलं. दोन पंखांमधल्या चार आणि धडावरच्या चार, अशा आठही दांड्या एकदमच भोकांत बसाव्या लागतात. सात बसल्या की आठवी निसटायची, आणि सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) तोवर वाळलेलं असायचं.

म्हणून खरेदीआधी दांड्या आणि पंख ताणून धरणाऱ्या तारा मोजा. नवशिक्याला मी जर्मनांचं फोकर डीआर-1 सांगतो. पंख तीन असले तरी दोन्ही बाजूंना फळीसारखी एकेकच दांडी, आणि पंखांमध्ये ताणाच्या तारा नाहीतच. प्रसिद्ध जर्मन वैमानिक रिश्टहोफेनचं लालभडक विमान घेतलंत तर रंगही सोपा.

लहान किट सोपं, हाही गैरसमजच. कॅमलचा पंख टोकापासून टोकापर्यंत 8.53 मीटरचा; 1/72 मध्ये तो जेमतेम 12 सेंटिमीटर होतो, 1/48 मध्ये 18. सुरुवातीला 1/48 च घ्या, दांड्या निदान चिमट्यात नीट धरता येतात.

तारांसाठी घरातला शिवणाचा दोरा लावू नका. 0.2 मिलिमीटरचा दोरा 72 पट केला तर 14 मिलिमीटर होतो, म्हणजे खऱ्या विमानावर बोटाएवढा दोरखंड! त्यापेक्षा भागांभोवतीच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीजवळ धरा, मऊ पडला की ज्योतीपासून दूर घेऊन ओढा. केसासारखी तार निघते.

खोकं नवं, साचा जुना, असंही पुष्कळदा होतं. साचा कोणत्या सालचा ते स्केलमेट्स या किटांची माहिती देणाऱ्या साइटवर बघा, सुट्या भागांचे फोटोही बघून घ्या.

आपल्याकडच्या मे महिन्यात पार्सल गच्चीवर किंवा बंद गाडीत राहू देऊ नका. पंख वाकलाच तर गरम पाण्यात धरून हळूच सरळ करा, मग लगेच गार पाण्यात बुडवा. रंगकाम पहाटे उरका. दुपारी अॅक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो.

पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांचं एस.ई.5ए हे ब्रिटिश लढाऊ विमान करावं, असं मला फार वाटतं. ब्रिटिश हवाई दलाच्या 40 स्क्वाड्रनमध्ये असताना जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या नावावर 10 हवाई विजय लागले, आणि 22 जुलैला ते लढतानाच गेले. पण किटमध्ये दोन-चार ठरावीक वैमानिकांच्या विमानांचेच डिकल (चिकटवायची चिन्हं आणि आकडे) असतात. तेव्हा मागवण्याआधी डिकलचा कागद तपासा, आणि तारांवर हात बसल्यावरच त्या विमानाकडे वळा.