कॅथोडमध्ये धातू बदलताना

लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमध्ये (धन इलेक्ट्रोडमध्ये) थोडा दुसरा धातू मिसळण्याचा, म्हणजे डोपिंगचा, विषय हाती आला की बहुतेक नवे विद्यार्थी आवर्तसारणी उघडून अजून कोणी न वापरलेला धातू शोधू लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी मूळ पदार्थाचं दुखणं ओळखा.

लिथियम निकेल ऑक्साइडच घ्या. या कॅथोड पदार्थात लिथियम आणि निकेल वेगवेगळ्या थरांत बसतात. निकेल २+ आयनाची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६. आकार इतका जवळचा, की निकेल लिथियमच्या थरात शिरतो आणि त्याची वाट अडवतो. कोबाल्ट घातला की थर नीट लागतात. ॲल्युमिनियम चार्जिंगमध्ये भाग घेत नाही, म्हणून क्षमता थोडी घटते, पण तो ऑक्सिजनला घट्ट धरतो आणि पदार्थ उष्णतेला जास्त टिकतो. निकेल ८०, कोबाल्ट १५, ॲल्युमिनियम ५ टक्के या प्रसिद्ध प्रमाणामागे हीच देवघेव आहे. मँगनीज स्पिनेल या दुसऱ्या कॅथोड पदार्थाचं दुखणं निराळं: तिथे मँगनीज ३+ अणूंची जाळी वाकवतो आणि मँगनीज इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतो, म्हणून मँगनीज ३+ चं प्रमाण कमी करणारा धातू हवा.

आता खरी मेहनत. पाच टक्के धातू तोलून घातला म्हणजे पाच टक्के जाळीत बसला असं होत नाही. आयसीपी ही मूलद्रव्यं मोजणारी चाचणी फक्त एकूण किती आहे ते सांगते, कुठे आहे ते नाही. म्हणून एकच नमुना करू नका, प्रमाण वाढवत मालिका करा आणि एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) जाळीची मापं काढा. ती प्रमाणासोबत सरळ रेषेत बदलत गेली तर धातू आत जातोय. रेषा सपाट झाली की विद्राव्यतेची मर्यादा आली, उरलेला कणांच्या पृष्ठभागावर साचतोय. असा थरसुद्धा सेलचं आयुष्य वाढवू शकतो! त्यामुळे नुसता सायकलिंगचा (सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करण्याचा) सुंदर आलेख हा डोपिंगचा पुरावा नव्हे.

तुलनेसाठी धातू न घातलेला नमुना त्याच भट्टीत, त्याच तापमानाला, तितकाच वेळ भाजा. लिथियम उडून जातं म्हणून थोडं जास्त घेतात, ते जास्तीचं प्रमाणही दोन्हीकडे सारखं ठेवा. निकेल भरपूर असेल तर ऑक्सिजनचा प्रवाह हवाच.

आणि तुलना करताना एक गोष्ट नक्की पाहा. डोप केलेल्या नमुन्याची क्षमता कमी असेल, तर त्याच व्होल्टेजपर्यंत त्यातून लिथियमही कमी बाहेर पडतं, आणि एवढ्यानेच तो जास्त टिकू शकतो. म्हणून दोन्ही नमुन्यांतून सारखंच लिथियम काढून एक चाचणी जरूर घ्या. तिथेही फरक उरला, तरच श्रेय नव्या धातूला द्या.