‘एक्सपिडिशन्स: रोम’ खेळायला सुरुवात कशी करावी

इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. रोममध्ये वडिलांचा खून झालाय, तुम्ही जहाजाने लेस्बॉस बेटाकडे निघालाय, आणि रोमन सेनापती ल्युकुलसच्या हाताखाली मिथ्रिडेटीस राजाविरुद्ध लढायचंय. डेन्मार्कच्या लॉजिक आर्टिस्ट्सने केलेला हा गेम जानेवारी २०२२ मध्ये आला. तो फक्त पीसीवर चालतो आणि मराठीत नाही. संवाद भरपूर आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचायची तयारी ठेवा.

आधी पात्र बनवा. स्त्री किंवा पुरुष, कोणतंही चालतं. स्त्री निवडलीत तर लोक तुमच्याशी बोलताना ते लक्षात ठेवतात. मग वर्ग चार: ढालवाला प्रिन्सेप्स, चपळ वेलेस, तिरंदाज सॅजिटेरियस आणि भालेवाला ट्रायेरियस. नवख्याने सरळ प्रिन्सेप्स घ्यावा. इतिहासाच्या चाहत्यांना इथे खटकेल: रोमन सैन्याची ही जुनी विभागणी या काळापर्यंत मोडीत निघाली होती. पण वर्ग म्हणून ती झकास जमली आहे, तेव्हा कुरकुर आवरती घ्या.

आता लढाई, खरी मजा तिथेच. पट षटकोनी घरांचा. आधी तुमची सगळी माणसं चालतात, मग शत्रूची. नवे खेळाडू पाळी आली की जवळच्यावर तुटून पडतात आणि मार खातात. त्याऐवजी कोण कुठे उभा राहणार ते ठरवा. ढालीवर समोरून कितीही घाव घाला, आधी ढालच झिजते. मागून गाठलात तर तोच गडी उघडा पडतो. म्हणून प्रिन्सेप्सला अरुंद वाटेवर उभा करून शत्रूला अडकवा आणि वेलेसला वळसा घालून त्याच्या पाठीशी न्या. भाल्याची पोच एका घरापलीकडे असते, त्यामुळे घरापासून सोबत आलेला ग्रीक सिनेरॉस ढालवाल्याच्या मागून सुखाने भोसकत राहील. तिरंदाजाला उंचवटा द्या. शत्रूला खेटून उभ्या असलेल्या माणसाला उगाच हलवू नका, निघता निघता फटका बसतो.

हत्यार बदलताना फक्त नुकसानीचा आकडा पाहू नका. कौशल्यं हत्याराबरोबर येतात. त्यामुळे दोन तलवारींचा आकडा सारखा असला तरी त्या वेगळ्या पद्धतीने लढतात. वर्णन वाचायचा कंटाळा केलात तर अर्धा गेम हुकला. तेलाची मडकी आणि मशालीसुद्धा ‘शेवटच्या लढाईसाठी’ साठवू नका, लगेच वापरा.

संवादात घाई नको. सोबत्यांची मतं पक्की आहेत आणि तुमच्या निर्णयांवर ते बोलून दाखवतात. लेखन एकूण चांगलं आहे, काही ठिकाणी जरा लांबलेलं.

पुढे पूर्ण लीजन, म्हणजे हजारो सैनिकांची रोमन फौज, हाती येते. तिच्या लढाया टप्प्याटप्प्याने होतात. दर टप्प्याला पुढ्यात आलेल्या डावपेचांपैकी एक निवडायचा, बाकी आपोआप. हा भाग मला फिका वाटला. लढाई चालवायला चांगला सेंच्युरियन (रोमन सैन्यातला अधिकारी) नेमा आणि पुढे व्हा. छावणीकडे मात्र नीट लक्ष द्या: जखमी सोबत्यावर उपचार झाल्याशिवाय त्याला पुढच्या लढाईत उतरवू नका.

गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलात आणि पहिल्या काही लढायांत मन रमलं नाही, तर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळाचे दोन तास भरायच्या आधी पैसे परत मागता येतात.