कमरेला परवान्याचं शस्त्र: होल्स्टर आणि कपडे निवडताना या चुका टाळा

रिव्हॉल्व्हरसाठी लाखाच्या आसपास पैसे मोजणारा माणूस होल्स्टर, म्हणजे शस्त्राचं म्यान, घेताना दीडशे रुपयांवर घासाघीस करतो आणि पट्टा तर जुनाच वापरतो. पुढच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. शस्त्र दिसणं, पडणं, गंजणं, नको तेव्हा गोळी सुटणं, यात शस्त्राचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो त्याच्याभोवतीच्या चामड्याचा, पट्ट्याचा आणि सदऱ्याचा.

झाकून बाळगणं ही हौसेची गोष्ट नाही, हे आधी समजून घ्या. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या पिशवीत असावं लागतं, पूर्ण झाकलेलं असावं लागतं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं लागतं. त्यामुळे मूठ दिसेल असं खोचून बाजारात फिरणं चुकीचं आणि मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवून चहाला जाणंही चुकीचं. पहिल्यात ते झाकलेलं नाही, दुसऱ्यात ताब्यात नाही.

“बत्तीसचं होल्स्टर द्या”

दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि चूकही हीच. .32 हे काडतुसाचं माप झालं, शस्त्राच्या आकाराचं नव्हे. कानपूरचं मार्क 3 रिव्हॉल्व्हर, त्याच घराण्यातलं हलकं निर्भीक आणि कोलकात्यातल्या काशीपूरच्या कारखान्याचं अशनी पिस्तूल, तिन्ही बत्तीसचीच. पण रिव्हॉल्व्हरची चरखी, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, मधेच फुगलेली, पिस्तूल सपाट, आणि दोघांचं काडतूसही वेगळं. एकाचं होल्स्टर दुसऱ्याला लावलं की एकतर सैल बसतं, नाहीतर चाप उघडा राहतो. “सगळ्या मापांना चालेल” असं सांगून विकलं जाणारं मऊ नायलॉनचं होल्स्टर याच कारणाने कुणालाच नीट बसत नाही.

होल्स्टर तपासण्याआधी शस्त्र रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड परत जाताना मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये बसतं आणि माणूस समजतो की पिस्तूल रिकामं आहे. रिव्हॉल्व्हरची सहाही घरं एकेक करून पाहा.

आता तीन तपासण्या. पहिली: शस्त्र होल्स्टरमध्ये घालून चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकलं जातं का पाहा. बोट कुठूनही आत जायला नको. दुसरी: बाहेरून, चापाच्या जागी, अंगठ्याने जोरात दाबा. चाप हलला किंवा रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागची हातोडी, जरासाही मागे सरकला, तर ते होल्स्टर तिथेच परत करा. तिसरी: गादीवर धरून उलटं करा आणि चार-पाच झटके द्या. शस्त्र निसटलं तर पांधणीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून ते निसटणारच.

गावच्या मोच्याकडून शिवून घेताना

यात कमीपणा काही नाही. चांगला कारागीर बाजारातल्यापेक्षा बरं होल्स्टर शिवून देतो. फक्त मापासाठी शस्त्र त्याच्याकडे सोडून येऊ नका. परवाना तुमचा आहे, त्याचा नाही. घरी रिकामं शस्त्र पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारा, जाडी मोजा आणि सुताराकडून त्या मापाचा लाकडी ठोकळा करून घ्या. चरखीचा फुगवटा आणि चापाच्या कड्याची जागा त्यात नीट यायला हवी. बाकी नक्षीची गरज नाही.

चामडं 3 ते 3.5 मिलिमीटर जाड आणि सालीने, म्हणजे बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतीने, कमावलेलं मागा. कापलेली कड पाहिली की कळतं: आतून तपकिरी असेल तर सालीचं, निळसर-राखाडी असेल तर क्रोमचं. क्रोमचं चामडं मऊ राहतं आणि आकार धरत नाही. सालीचं चामडं कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ठोकळा आत घालून हाताने दाबून घेतलं आणि दोन दिवस सावलीत वाळवलं, की अंगच्या कपड्यासारखं बसतं. उन्हात टाकलं तर तडकतं, चुलीजवळ ठेवलं तर आकसतं.

तोंडाशी चामड्याची दुहेरी पट्टी लावायला सांगा. ही पट्टी नसली की शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटतं, परत घालताना कड आत दुमडते आणि ती दुमड चापावर दाब देते. जुन्या, मऊ पडलेल्या होल्स्टरमध्ये गोळी आपोआप सुटल्याची तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा ही दुमड किंवा आत अडकलेलं सदऱ्याचं टोक. म्हणून चामडं ढिलं पडलं, वळ्या दिसू लागल्या की होल्स्टर बदला. तेल लावून ते सुधारत नाही, उलट आणखी मऊ होतं.

आपल्याकडची मार्क 3 आणि निर्भीक मधून मोडून उघडणारी आहेत. वरचा खटका सरकला की नळी खाली झुकते आणि काडतुसं बाहेर येतात. होल्स्टरची अडकवायची पट्टी त्या खटक्यावर घासत असेल, तर ऐन वेळी शस्त्र उघडलेलं हाती येईल. पट्टी घोड्याच्या मागून जाते, खटक्याला टेकत नाही, हे बंद करून, वाकून, बसून पाहा. उभं राहून सगळंच नीट दिसतं.

पट्टा आणि नाडी

मार्क 3 रिव्हॉल्व्हर सुमारे 700 ग्रॅमचं, वर सहा काडतुसं आणि होल्स्टर. एवढं वजन रेक्झिनच्या पातळ पट्ट्यावर टांगलं की पट्टा पिळतो, मूठ बाहेर कलंडते आणि सदरा तंबूसारखा उभा राहतो. लोक मग सदरा बदलत बसतात. बदलायचा असतो पट्टा. दीड इंच रुंद, दोन थर शिवलेला, साधारण 4 मिलिमीटर जाड. दोन्ही हातांनी धरून पिळल्यावर तो सहज पिळला जायला नको. होल्स्टरच्या पट्टीचं भोकही त्याच रुंदीचं असावं. सव्वा इंचाचा पट्टा दोन इंचाच्या भोकात सरकत राहतो आणि दिवसभरात होल्स्टर पोटापासून पाठीपर्यंत प्रवास करतं. होल्स्टर आत खोचून लावणार असाल, तर पँट नेहमीपेक्षा दीड-दोन इंच मोठ्या कंबरेची शिवा.

नाडीचा पायजमा आणि धोतर यांना हे वजन पेलत नाही. करदोड्याला तर ते बांधायचा विचारही नको. पायजमा घालायचाच असेल तर शिंप्याकडून नेफ्यावर पट्ट्याची घरं शिवून आतून पट्टा बांधा, किंवा पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा वापरा. पण त्या इलॅस्टिकच्या पट्ट्यात चापाच्या जागी कडक कवच हवं. नुसत्या कापडावरून चाप दाबला जातो.

कुठे लावायचं

उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेवर, हाडाच्या किंचित मागे. बहुतेकांसाठी हेच बरं. पाठीच्या मधोमध लावलेलं उत्तम लपतं, पण मोटरसायकलवरून पडलात तर मणक्याखाली पाऊण किलो लोखंड येतं. पोटावर पुढे लावलेलं उभं असताना छान, ट्रॅक्टरच्या सीटवर मूठ बरगडीत टोचते आणि नळी मांडीकडे रोखलेली राहते. काखेतलं आडवं होल्स्टर जीपमध्ये सोयीचं वाटतं. पण त्यात नळीचं तोंड मागे असतं, आणि मोटरसायकलवर मागे बसतो तो तुमचाच पोरगा.

सदरा, झब्बा, बंडी

मुख्य गफलत इथे होते. शस्त्र लपवायला लोक जाकीट घेतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना चंद्रपूर-अकोल्याकडे जाकीट घातलेला माणूस दुरूनच ओळखू येतो. आपल्या हवेला कापड वेगळं लागतं. पांढरा टेरिकॉट टाळा. घामाने तो अंगाला चिकटतो आणि होल्स्टरचा ठसा छापल्यासारखा दिसतो. जाडसर खादी, हातमाग किंवा थोडं वजन असलेलं सुती कापड अंगावरून सुटून पडतं. एकरंगी फिक्यापेक्षा बारीक चौकडा किंवा गडद रंग घ्या, त्यावर उंचवट्याची सावली दिसत नाही. माप एकानेच वाढवा. दोनाने वाढवलं तर मोटरसायकलवर सदरा वाऱ्याने फुगून वर येतो.

सदरा सरळ कडेचा, बाहेर सोडायचा असावा. शर्टाची कड बाजूला गोल कापलेली असते आणि तिथेच होल्स्टर असतं, म्हणून साधा शर्ट बाहेर सोडून भागत नाही. लांबी ठरवायची रीत सोपी: पट्ट्याला होल्स्टर लावा, एसटीचा वरचा दांडा धरल्यासारखा हात उंच करा. तेव्हाही कड होल्स्टरच्या टोकाखाली राहिली पाहिजे. पट्ट्यापासून साधारण पाच-सहा इंच खाली धरा, मग तुमच्या होल्स्टरप्रमाणे कमी-जास्त करा.

झब्बा सगळ्यात सुरक्षित असा समज आहे. उभं असताना तो खराही ठरतो. पण तेरवीच्या किंवा लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसलात की बाजूचा चाक, म्हणजे झब्ब्याची चीर, उघडतो आणि बरोबर कमरेवरचं होल्स्टर शेजाऱ्याच्या ताटासमोर येतं. चाक चार इंच खालून सुरू होईल असा शिवून घ्या, किंवा उजव्या बाजूला आतून एक चापबटण लावा. आणि बसून पाहा, वाढप्यासारखं वाकून पाहा, बूट बांधून पाहा. वाकताना कमरेतून वाकलं की पाठीमागे मूठ उमटते. गुडघ्यात वाकायची सवय लावा.

बिनबाह्यांची बंडी झब्ब्यावर घातली तर उन्हाळ्यातही खपते. तिच्या उजव्या खिशात मात्र किल्ल्या, तंबाखूची डबी ठेवू नका. आणि खिशात शस्त्र ठेवणार असाल तर त्या खिशात दुसरी एकही वस्तू नको. किल्लीचं टोक चापाच्या कड्यात शिरायला जागा फार लागत नाही. हाच धोका पावसाळ्यात विंडचीटरच्या खालच्या दोरीचा आणि तिच्या प्लास्टिकच्या गोळीचा. ती दोरी काढूनच टाका. दुपट्टाही उजव्या बाजूने मोकळा लोंबू देऊ नका.

शस्त्र परत घालताना घाई कुणाचीच नसते. डाव्या हाताने सदरा छातीपर्यंत वर, बोट चापाबाहेर, नजर होल्स्टरच्या तोंडावर, रिव्हॉल्व्हर असेल तर अंगठा घोड्यावर, आणि मग हळू. अडलं तर जोर लावायचा नाही. बाहेर काढायचं, काय अडलं ते बघायचं. ही सवय रिकाम्या शस्त्राने घरी शंभर वेळा करा.

घाम, धूळ, पाऊस

घामातलं मीठ दोन दिवसांत चरखीवर तांबूस ठिपके आणतं. अंगाच्या बाजूला चामड्याचा उंच पल्ला ठेवून घ्या आणि आत बनियन राहू द्या. रोज रात्री सुक्या सुती फडक्याने पुसून बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा. तेल काडतुसांना लागू देऊ नका, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत झिरपलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. चामड्याच्या काडतूस-पट्ट्यात महिनोन्महिने राहिलेल्या पितळेवर हिरवं किटण चढतं, तेही काढून पुसा. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत होल्स्टरच्या तळाशी रुई आणि काळ्या मातीची धूळ साचते. तळाला निचऱ्याचं छोटं भोक असावं, आणि आठवड्यातून एकदा रंगकामाच्या कोरड्या ब्रशने ते साफ करावं.

कपडे बरोबर, जागा चुकीची

उत्तम झाकलेलं शस्त्रही काही ठिकाणी चालत नाही. सणासुदीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा आदेश निघाला की शस्त्र बाळगण्यावर बंदी येते, आणि निवडणुकीत ते ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. लग्नात हवेत गोळी झाडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेळघाट, ताडोबा, नागझिरा या बाजूने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, परवाना असला तरी. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे वेगळी नोंदणीही लागते.

नाकाबंदीत थांबवलं तर हात हँडलवर ठेवून आधी तोंडाने सांगा की परवान्याचं शस्त्र उजव्या कमरेला आहे. परवाना डाव्या खिशात ठेवा. उजव्या खिशात असेल तर तो काढायला हात नेमका होल्स्टरकडे जातो.

घरी आल्यावर पट्टा सोडून होल्स्टर शस्त्रासकट काढा, शस्त्र उपसून फळीवर ठेवू नका. मग पोरांच्या नजरेआड ते रिकामं करा, कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. होल्स्टर मात्र कपाटात कोंबू नका. दिवसभराचा घाम त्यात असतो, ते रात्रभर हवेशीर खुंटीला टांगलेलं बरं.