मोहल्ल्यात आणि मंडळीत एकच बोला: कोल्हापुरात ख्रिस्ती-मुस्लिम संवादाचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

कुराणातली सुरा मरियम, म्हणजे येशूच्या आईच्या नावाचा अध्याय, तुम्ही वाचली आहे, 'अहले किताब' (ग्रंथ मिळालेले लोक, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती) कुणाला म्हणतात ते माहीत आहे, एवढं गृहीत धरून लिहिते. या कामात येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, बोलायला सुरुवात कशावरून करायची? त्याची काळजी सोडा. मरियम आहे, इब्राहीम आहे, उपास आहे, दानधर्म आहे. २०२५ मध्ये रमजान २ मार्चला लागला आणि ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार ५ मार्चला आला. उपवासात राग कसा आवरायचा, या एका विषयावर आम्ही बायका कितीतरी संध्याकाळी बोललो. विषय कमी पडत नाहीत. काम मोडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याची झळ मला अजून जाणवते, म्हणून तेच आधी.

मोहल्ल्यात आपण म्हणतो, ओळख वाढावी, गैरसमज जावेत म्हणून आलोय. ते खरंच असतं. मग रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर अहवाल द्यायला उभं राहिलं की तेच काम आपल्या सवयीच्या भाषेत तोंडातून येतं: प्रभूने दार उघडलं, पीक तयार आहे, कामकरी थोडे आहेत. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच कळतो की इथली माणसं ख्रिस्ती व्हायला तयार आहेत. समोरची मंडळी सुखावते. वर्गणी देणाऱ्यांना हेच ऐकायचं असतं. पुढं वर्गणीदारांना आणि मंडळीला पाठवायचं प्रार्थनापत्र निघतं, त्यात इफ्तारचा फोटो, आणि खाली ओळ: 'या भगिनींसाठी दार उघडावं म्हणून प्रार्थना करा.' लिहिताना यात काही वावगं आहे असं वाटतच नाही, कारण लहानपणापासून आपण असंच लिहीत आलोय.

कोल्हापूर केवढं आहे? पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, शेजारचा मुलगा ज्या तालमीकडून फुटबॉल खेळतो, तिथंच सदर बाजारातला मुस्लिम मुलगा गोलकीपर असतो. पत्र एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जातं आणि ज्यांचा फोटो आहे त्यांच्याच हातात येऊन पडतं. ज्या चाचींच्या घरी मी इतक्या वेळा बसले होते त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला आणि एवढंच विचारलं, "बेटा, आमचं दार तर उघडंच होतं की. अजून कुठलं उघडायचंय?"

यात माझं नुकसान किरकोळ. ज्यांनी मला घरात घेतलं त्यांना जमातीत जाब द्यावा लागला, हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या एका ओळीची किंमत नेहमी दुसरा कुणीतरी भरतो. आणि या शहराला मोबाइलवरच्या मजकुराची किंमत ठाऊक आहे. ७ जून २०२३ ला बिंदू चौकापासून गल्लीबोळांपर्यंत जी दगडफेक झाली, ती सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून पेटली होती. म्हणून परवानगीशिवाय फोटो नाही, आणि परवानगी मिळाली तरी बायकामुलांचा फोटो नाहीच.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचता येत नसेल, तर ते पाठवायचं नाही. अहवाल, पत्र, देणगीचा अर्ज, प्रार्थनेतली विनंतीसुद्धा. वर्गणी घटते. माझीही घटली. घटू द्या.

याचा अर्थ श्रद्धा झाकून जायचं असा कुणी काढू नये. येशू माझा प्रभू आहे, हे पहिल्याच भेटीत कळू द्या. मुसलमान शेजाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, आडपडद्याचा होतो. कुणी तुमच्या विश्वासाबद्दल विचारलं तर मोकळेपणानं सांगा, त्यांचं तितक्याच मोकळेपणानं ऐका. मात्र शाळेची फी, औषधं, नोकरीची चिठ्ठी यांतलं काहीही त्या बोलण्याला जोडू नका, चुकूनही नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून मिशनच्या शाळा-दवाखान्यांबद्दल इथं कृतज्ञता आहे आणि संशयही आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात बाळंतपण झालेल्या कितीतरी मुस्लिम आज्या तुम्हाला भेटतील. त्या डॉक्टरांचं नाव प्रेमानं काढतात आणि उशाशी ठेवलेल्या धर्मप्रचाराच्या पत्रकांची आठवणही सांगतात. दोन्ही ऐकून घ्या, मध्ये बचाव करू नका.

मतभेद लपवणारेही पुष्कळ भेटतात. 'सगळे धर्म सारखेच' हे व्यासपीठावर टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण मौलानांच्या समोर बसल्यावर ते टिकत नाही. कुराणातल्या सुरा निसाच्या १५७ व्या आयतीत ईसांना, म्हणजे येशूला, क्रुसावर मारल्याचा नकार आहे, आणि आपला सगळा विश्वास त्या क्रुसाशी बांधलेला आहे. हे दोघांनीही शांतपणे मान्य केलं की पुढचं बोलणं सोपं जातं. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना जे खुलं पत्र लिहिलं तेही फरक पुसत नाही. देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, एवढ्या दोन गोष्टींवर बोलू म्हणतं. ते आधी वाचा. यूट्यूबवरचे वादविवाद मात्र बंद करा. ते बघून आलेला मुलगा समोरच्याचं ऐकतच नाही, त्याचं उत्तर आधीच तयार असतं. दोन दिवसांच्या शिबिरांवरही माझा विश्वास नाही. शिकायचंच असेल तर हैदराबादच्या हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटची माहिती काढा. १९३० मध्ये लाहोरला ती सुरू झाली तेव्हा हेतू मिशनऱ्यांना इस्लाम शिकवण्याचा होता, आज तिथं समेटाचं आणि संवादाचं काम चालतं. स्वतःची दिशा तपासून बदललेली संस्था म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे.

मार्गदर्शक मोठ्या नावाचा शोधू नका. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर, मोहल्ल्याच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेल्या बाई, यांना जे कळतं ते पदवीवाल्यांना कळत नाही. आणि उदाहरणं लांबून आणू नका. असिसीचे संत फ्रान्सिस १२१९ मध्ये इजिप्तच्या सुलतानाला भेटले ही गोष्ट सुंदर आहे, पण आपल्याच दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग, म्हणजे मुस्लिम विद्यार्थ्यांचं वसतिगृह, उभं आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम शिक्षणासाठी जे काम सुरू केलं त्यातून ते आलं. कुराण मराठीत यावं म्हणून महाराजांनी पैसा खर्च केला, ख्रिस्ती मुलांसाठीही वसतिगृह काढून दिलं. बाबूजमाल दर्ग्याचे मोहरमचे पंजे बघायला सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. शहराला हे नवीन शिकवायचं नाही. जे होतं आणि मधल्या काळात विरलं, त्याच्या बाजूला उभं राहायचंय. म्हणून भिऊ नका. घरचे घाबरतील, मंडळीत कुणी विचारेल की इतक्या दिवसांत किती जण ख्रिस्ती विश्वासात आले. 'कुणीही नाही, त्यासाठी जात नाही,' हे उत्तर पहिल्यांदा देताना आवाज कापतो, नंतर कापत नाही.

सुरुवातीचं थोडं. शुक्रवारी दुपारी भेट मागू नका. रमजानात अस्रनंतर, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर, बायकांचा सगळा वेळ चुलीपाशी जातो, तेव्हा गेलात तर कांदा चिरायला बसा. पहिल्या भेटीत धार्मिक पुस्तक देऊ नका, मागितलं तर जरूर द्या. त्यांनी कुराण दाखवलं तर हात धुऊन, दोन्ही हातांनी घ्या आणि जमिनीवर ठेवू नका. आणि निघण्यापूर्वी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगून ठेवा की अहवालात काय येईल आणि काय येणार नाही. ते कबूल नसतील तर आधी त्यांच्याशीच बसून बोला, मोहल्ल्यात नंतर जा.